वीसपैकी सहा

चारुलता पेंडसे यांनी एकोणतीस वर्षांत मुलांना 'कारणे द्या' असं किती वेळा सांगितलं असेल याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही, हे बरंच आहे. कोपरखैरण्यात एका खाजगी संस्थेची मराठी माध्यमाची शाळा आहे, तिथे त्या सामाजिक शास्त्रं शिकवत. म्हणजे इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, आणि अर्थशास्त्राचा जो काही तुकडा पुस्तकात कुठेतरी लोंबकळत असतो तोसुद्धा. पूर्वी या कामाला चार माणसं होती. मग पट घसरत गेला, तुकड्या बंद झाल्या, माणसं निवृत्त होत गेली, आणि त्यांच्या जागा भरायच्या ऐवजी त्यांचे तास पेंडसेबाईंच्या वेळापत्रकात भरले गेले. आता त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि पोरं मे महिन्याच्या सुट्टीकडे डोळे लावून बसतात तशा बाई त्या तारखेकडे डोळे लावून बसल्या होत्या.

पायांनी त्या दमल्या होत्याच, कारण शाळेला लिफ्ट नाही आणि दहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. पण त्याहून जास्त त्या प्रश्नांना कंटाळल्या होत्या. सानपाड्याहून येताना बसच्या खिडकीतून खारफुटी दिसली की डोक्यात आपोआप उमटायचं, खारफुटीचे दोन उपयोग लिहा. घरी अरविंदरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, 'पिठलं करायचं की खिचडी' असं विचारलं की योग्य पर्याय निवडा. बँकेतून निवृत्त झालेला तो माणूस हौसेने स्वयंपाक करायला शिकत होता आणि बाईंना त्याचंही कौतुक करायचं त्राण उरलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या पाच-सात वर्षांत त्या वर्गात नकाशा पसरून बसत, मुलांना आपापल्या आजीचं गाव शोधायला लावत. पुढे पुढे ते सुटलं. पेपरात काय येतं तेवढं शिकवायचं, चार मुद्दे पाठ करून घ्यायचे, चौथ्या मुद्द्याखाली रेघ मारायची. मुलं पास होत होती. कुणाची तक्रार नव्हती, आणि हेच त्यांना अधूनमधून खुपत असे.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती. त्या वह्या वाचत.

हे सांगण्यासारखं आहे असं बाहेरच्या माणसाला वाटणार नाही. पण दहावीला शंभरातले वीस गुण शाळेच्या हातात असतात, अंतर्गत मूल्यमापनाचे. मुलाने प्रकल्प करायचा, स्वाध्यायाची वही भरायची, आणि शिक्षकाने त्यावर वीसपैकी गुण द्यायचे. पेंडसेबाईंच्या शाळेतला रिवाज असा की अठरा द्यायचे. हुशाराला एकोणीस, वह्याच न आणणाऱ्याला सतरा, बाकी सरसकट अठरा. वही उघडायची, पहिल्या पानावर सही करायची, शेवटच्या पानावर सही करायची, मधे काय आहे ते मुलाला आणि देवाला ठाऊक. पेंडसेबाई तेवढ्या मधलं वाचत आणि जे असेल ते देत. कुणाला बारा, कुणाला सोळा. शिक्षकखोलीत त्यांच्यामागे 'आल्या न्यायाधीशबाई' म्हणत, ते त्यांच्या कानावर होतं. मनातून थोडंसं आवडायचंही.

त्या फेब्रुवारीत खाजगी विद्यार्थ्यांच्या वह्या आल्या. ज्यांनी शाळा अर्धवट सोडलेली असते ते सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात आणि जवळच्या एखाद्या शाळेला जोडले जातात. या शाळेला अशी अकरा माणसं जोडलेली होती. कुणी रिक्षावाला, कुणी पावण्याच्या कारखान्यातला हेल्पर. ते गठ्ठ्याने वह्या देऊन जात आणि अठरा घेऊन जात. त्यातली एक वही बाईंनी उघडली आणि त्या थबकल्या.

प्रकल्पाचं नाव होतं 'पावणे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यास भेट'. पहिलीच ओळ, 'माझे बाबा ज्या कारखान्यात मॅनेजर आहेत तेथे मी व माझा मित्र शौनक सायकलवरून गेलो.' अक्षर मोठं, एकेक अक्षर खोदून काढल्यासारखं. सोबतचा अर्ज बाईमाणसाचा, नाव 'शेडगे शालन शहाजी', वय शेहेचाळीस. शेहेचाळीस वर्षांची बाई मित्राबरोबर सायकलवरून बाबांच्या कारखान्यात गेली होती. पेंडसेबाई हसल्या. जुन्या कुठल्यातरी मुलाची वही जशीच्या तशी उतरवलेली होती, हे उघड होतं. पण कळस शेवटच्या पानावर होता. तिथे लाल शाईने, त्याच खोदीव अक्षरात लिहिलेलं होतं, 'छान. अक्षर सुधारणे.' आणि खाली बाईंची स्वतःची सही. शिक्षकाचा शेरासुद्धा नकलून काढला होता, तो प्रकल्पाचाच भाग समजून.

मधली सुट्टी होती. बाईंनी ती वही शिक्षकखोलीत मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना अलीकडे कशाने हसू येत नसे, त्या दिवशी आलं. सायकलवरच्या वाक्याला सगळे हसले आणि शेऱ्याच्या वेळी तर विज्ञानाच्या सरांना ठसकाच लागला. मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी सरांना पाणी आणून दिलं. मग बाईंनी नेहमीच्या न्यायबुद्धीने वहीवर गुण घातले. वीसपैकी सहा, तेही शाईचे आणि मेहनतीचे.

मे महिन्यात निकाल लागला. शाळेला सुट्टी, पण निकालाच्या दिवशी शिक्षकांना यावं लागतं. ऑफिसात रणजीत नावाचा क्लार्क होता. तिशीतला, साताऱ्याकडचा, कामाला चोख. त्याने बाईंपुढे निकालाची यादी सरकवली आणि जरा वेळ उगाच माऊसशी खेळत बसला.

"बाई, एक सांगू का? आपल्या मावशी नापास झाल्या. बाकी सगळे विषय सुटले, तुमचा राहिला."

"कुठल्या मावशी?"

"आपल्या. चहाच्या, झाडूच्या. बाहेरनं बसल्या होत्या ना. मला सांगितलेलं, कुणाला बोलू नको, लाज वाटते म्हणून. आता काय, निकालच लागला."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. शेडगे शालन शहाजी. लेखी ऐंशीपैकी वीस. अंतर्गत वीसपैकी सहा. एकूण सव्वीस. पासाला पस्तीस लागतात. अठरा दिले असते तर अडतीस झाले असते, हे गणित बाईंनी केलं नाही, ते आपलं आपण झालं.

अकरा वर्षं त्या बाईच्या हातचं पाणी त्या पीत होत्या. सकाळी टेबल पुसलेलं असे, खडू ठेवलेले असत. एकदा बाईंना भोवळ आली तेव्हा मावशींनीच त्यांना धरून जिना उतरवला होता. दहावीला 'समानता म्हणजे काय' हे त्या दर वर्षी शिकवत. आणि या बाईचं नाव शालन आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिक्षकखोलीत कुणालाच नव्हतं, पण तो काही बचाव नव्हे. बाईंना तोंड कुठे लपवावं असं झालं. सहाचं दुःख वेगळं होतं, त्याहून वाईट होता तो ठसका आणि ते पाणी.

रणजीतने बाकीचं सांगितलं. प्रयोगशाळा परिचर कोंडिबा शेलार जुलैअखेर निवृत्त होणार होते. मुख्याध्यापिका स्मिताबाईंनी गेल्या वर्षी सहज म्हटलं होतं की मावशी दहावी पास असत्या तर संस्थेला सांगून त्यांनाच तिथे घेतलं असतं. ते मावशींनी धरून ठेवलं. कंत्राटावर झाडू मारून पंचावन्नाव्या वर्षी हात हलवत घरी जायचं, की कायमची नोकरी, पगारी रजा, पेन्शन नाही तरी निदान फंड. नवरा तुर्भ्याच्या मार्केटात हमाल, त्याच्या मणक्याचं दुखणं वर्षभरात त्याला घरी बसवणार हे डॉक्टरने सांगून ठेवलेलं. जूनअखेर पुरवणी परीक्षा होती, जुलैअखेर निकाल. वेळ बसत होती, पण बसत होती एवढंच.

"आणि अंतर्गतचे गुण?" बाईंनी विचारलं.

"पुरवणीच्या फॉर्मात दोन पर्याय असतात, नव्याने द्या नाहीतर जुने कायम ठेवा. त्यांनी निकाल कळल्याबरोबर येऊन 'जुने कायम' वर खूण केली. नव्याने म्हणजे परत तुमच्यापुढे वही घेऊन यावं लागलं असतं. आता ते बदलता येत नाही."

म्हणजे ऐंशीपैकी एकोणतीस आणायचे होते, आणि वीस आणतानाच जीव मेटाकुटीला आला होता.

रणजीत थोडा वाकला. "बाई, एक मार्ग आहे. तुम्ही पत्र द्यायचं. गुण ऑनलाइन भरताना सोळाच्या जागी चुकून सहा पडले, एक राहिला. वर मावशींचा अर्ज, खाली तुमचं पत्र, मग स्मिताबाईंची सही. मंडळाकडे पाठवून बघू. सोळा झाले की छत्तीस. परीक्षेचं टेन्शनच नाही."

कुठल्याही दुसऱ्या वर्षी पेंडसेबाई त्याच्यावर कडाडल्या असत्या. त्या दिवशी त्या नुसत्या बसून राहिल्या. एकोणतीस वर्षं प्रामाणिकपणा केला त्यातून काय मिळालं, तर एक टोपणनाव आणि एका गरीब बाईचं नुकसान. जगाच्या सगळ्या वह्यांवर न वाचता अठरा पडतात, मग हिच्याच वहीवर न्याय कशाला? त्यांना प्रामाणिकपणाचाही शीण आला होता. त्यांनी कागद ओढला आणि पत्र लिहिलं. सुरेख अक्षरात, 'अनवधानाने', 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा', सगळं जागच्या जागी. खोटं लिहिणं इतकं सोपं जातं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना शिक्षकखोलीत बोलावलं आणि समोर खुर्ची दिली. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या. बाईंनी मनाशी बरंच जुळवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"ती वही कुठे मिळाली तुम्हाला?"

"रद्दीत. कपाट साफ करायला सांगितलं होतं ना तुमी दिवाळीत. मला वाटलं, हितलीच वही हाय, वर तुमची सही हाय, म्हंजे असंच लिवायचं असतं."

बाईंनी मान खाली घातली. "मी ती सगळ्यांसमोर वाचायला नको होती."

"तवा मी चहाचे कप उचलत होते," मावशी म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात नव्हे, घड्याळात किती वाजले सांगावं तसं. "मला पयल्यांदा कळलंच न्हाई कुनाची वही हाय. सायकल आली तवा कळलं. मग मलापन हसू आलं, पन आवरलं."

बाईंनी पत्र आणि तयार अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि इथे सही करा म्हणून बोट दाखवलं.

मावशींनी पेन घेतलं नाही. त्या वाचायला लागल्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. बाईंना वाटलं मिनिटभरात होईल. पाच मिनिटं गेली, सात गेली. 'अनवधानाने'पाशी बोट अडलं, मागे गेलं, परत आलं.

"म्हंजे काय हे?"

"म्हणजे चुकून. लक्ष नसताना."

"पन तुमी तर बगून दिले."

"एक आकडाच आहे तो."

"तेच म्हनते मी. तुमी सहा दिले, सोळा न्हाई दिले. मंग हे खोटं झालं ना?"

पेंडसेबाईंना खरं तर राग आला. आपण हिच्यासाठी आपली तीन दशकांची अब्रू पणाला लावतोय आणि ही आपल्याला खरं-खोटं शिकवतेय. त्यांनी जरा तुटकच सांगितलं की नोकरीचा प्रश्न आहे, नवऱ्याचा मणका आहे, सही करा आणि मोकळ्या व्हा.

तेव्हा शालन शेडगे खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते बाईंनी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवलं.

"बाई, मी मेंबर होते. गावाला, ग्रामपंचायतीत. तेवीस वर्साची होते. बायकांची राखीव जागा निघाली, सासऱ्यांनी मला उबं केलं. पाच वर्सं मेंबर होते, पन मिटिंगला एक दिस गेले न्हाई. मिटिंगला हे जायचे. रजिस्टर घरी यायचं, मी चुलीपुढं बसूनच सही करायची. एकदा एक ठराव आला. साळंच्या मागं गायरान होतं, ते एकाला खडी फोडायला द्यायचा. मी सही केली. मला वाचता येत होतं, सातवी झालेली. पन कुनी वाच म्हनलं न्हाई आन मीबी वाचलं न्हाई. आता तितं क्रशर हाय. पोरं खोकतात. बाया गुरं घिऊन दोन मैल वर जातात. मी गावाला गेले ना, तर त्या बाया मला काय बोलत न्हाईत, चांगलं वागतात. तेच जास्त लागतं. तवापासून मी ठरवलंय, वाचल्याबिगर सही करायची न्हाई. आन वाचून खोटं निगालं तर मुळीच न्हाई."

पंखा घरघरत होता.

"आन दुसरं सांगू? इंग्रजीत मला अठरा हायेत. विज्ञानात अठरा. मी काय लिवलंय मला म्हाईत हाय, तितंबी सगळं नकलूनच लिवलंय. त्यांनी उगडलंच न्हाई. तुमी एकट्यांनी वाचलं, पार शेवटच्या पानापातूर." शालनताईंनी अर्ज आणि पत्र एकावर एक ठेवून बाईंकडे सरकवलं. "वरचं नाव तेवडं राहिलं बगायचं."

पेंडसेबाईंनी पत्र फाडलं. रागाने नव्हे. दोन तुकडे केले, चार केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि लगेच लक्षात आलं की हा डबासुद्धा हीच रिकामा करणार आहे. त्यांनी तुकडे परत काढून स्वतःच्या पर्समध्ये घातले. मग म्हणाल्या, "उद्यापासून साडेदहाला यायचं. एकोणतीस आणायचेत."

सुट्टीतला तो महिना दोघींनी रिकाम्या शाळेत काढला. शालनताई सकाळी झाडून घेत आणि साडेदहाला पदर नीट करून बसत. बाई घरी असत्या तर दुपारी पंख्याखाली आडव्या झाल्या असत्या, त्याऐवजी त्या बस पकडून येत आणि रोज येताना स्वतःला दूषणं देत. शिकवणं त्यांना जड जात होतं. दहावीच्या भूगोलात निम्मा भारत आणि निम्मा ब्राझील. शालनताई आधी निमूट ऐकत, मग विचारत. ब्राझीलमध्ये कॉफीचे मळे कुठे आहेत हे पाठ करताना त्यांनी विचारलं की मळ्यावर काम करणाऱ्या बायांना रोज किती मिळतो. पुस्तकात नव्हतं. लोकसंख्येच्या धड्यात 'स्थलांतराची कारणे' होती, चार मुद्दे. शालनताई म्हणाल्या, पाचवं राहिलं, जावांचं पटत नाही म्हणूनपन लोक मुंबईला येतात. बाई पुन्हा एकदा हसल्या, पण या वेळी दोघी हसल्या.

"ते लिहायचं नाही," बाईंनी सांगितलं. "छापलंय तेवढंच. चार मुद्दे, खाली रेघ. तीन गुणांना सहा ओळी, जास्त नाही. नकाशाला सूची द्यायची. प्रश्न समजला नाही तरी मुद्दे सोडायचे नाहीत." असं म्हणताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. पण पासाचं गणित वेगळं असतं आणि ते त्यांना इतरांपेक्षा चांगलं येत होतं. रोज शंभर ओळी पाठ करून घेऊन, सराव पेपर सोडवून घेऊन बाईंनी त्यांना तेहतिसापर्यंत आणलं. एकदा पस्तीस पडले. त्या दिवशी शालनताईंनी घरून घावन आणले आणि दोघींनी ते प्रयोगशाळेत बसून खाल्ले. कोंडिबांनी, तिथल्या निवृत्त होऊ घातलेल्या परिचरांनी, त्यांना कुठली बाटली कुठे असते ते दाखवून टाकलं. शालनताईंनी एका बाटलीची चिठ्ठी सुटलेली होती ती डिंक लावून चिकटवली.

इतिहास-नागरिकशास्त्राच्या पेपराच्या दिवशी बाई परीक्षाकेंद्राबाहेर फाटकाशी उभ्या राहिल्या. स्वतःच्या मुलीच्या दहावीला त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. दोन तासांनी शालनताई बाहेर आल्या. चेहरा शांत होता, फार शांत होता. बाईंना त्यातच शंका आली.

"कसा गेला?"

"तो प्रश्न आला होता, बायकांच्या राखीव जागांचा. सकारण स्पष्ट करा. राखीव जागांनी बायकांच्या हातात कारभार आला."

"मग? चार मुद्दे लिहिलेत ना?"

शालनताई फाटकाबाहेरच्या रिक्षांकडे बघत म्हणाल्या, "लिवायला गेले. पयला मुद्दा लिवला. मग हात थांबंना. सगळं लिवलं. सासऱ्यांचं, रजिस्टरचं, गायरानाचं. दोन पानं झाली, पुरवणी घेतली. वर बगितलं तर तासाच्या वर येळ गेला होता. मग बाकीचं पळत पळत लिवलं. टिपा राहिल्या. उताऱ्याचे प्रश्न राहिले. घंटा झाली."

तीन गुणांचा प्रश्न. पेंडसेबाईंना ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. महिनाभर सहा ओळी, सहा ओळी म्हणून घसा कोरडा केला होता. समोरच्या टपरीवर दोघींनी लिंबू सरबत घेतलं आणि बाईंनी शालनताईंना घराकडच्या बसमध्ये बसवून दिलं. भूगोलाचा पेपर बरा गेला, पण भूगोल एकटा किती ओढणार?

जुलैअखेर निकाल आला. ऐंशीपैकी बावीस. त्यात सहा मिळवून अठ्ठावीस.

स्मिताबाईंना वाईट वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. संस्थेने कळंबोलीच्या शाखेतून एक माणूस बदलून आणला, त्याच्याही घरच्या अडचणी होत्या, त्याचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या ऑगस्टला तो प्रयोगशाळेत रुजू झाला. शालनताई त्याला चहा द्यायला गेल्या आणि कुठली बाटली कुठे आहे ते सांगून आल्या. नवरा दिवाळीनंतर घरी बसला. शालनताईंनी संध्याकाळी सेक्टरातल्या दोन घरी पोळ्या लाटायचं काम धरलं. बाईंनी कुणापुढे तोंड उघडलं नाही, पण त्या वर्षी त्यांना झोप नीट लागत नसे. अठरा दिले असते तर, एवढं एकच गणित उलटसुलट करत त्या पडून राहत. अरविंदरावांना एकदा सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुझं बरोबरच होतं. बाईंना ते ऐकून जराही बरं वाटलं नाही.

दिवाळीआधी, सप्टेंबरात मात्र शालनताई स्वतःहून ऑफिसात गेल्या आणि मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरून आल्या. या वेळी खूण 'नव्याने द्या' वर केली. रणजीतने विचारलं की आता जागा तर गेली, मग कशाला? त्यांनी त्याला काय उत्तर दिलं ते त्याने बाईंना सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही.

फेब्रुवारीत वह्या आल्या. पेंडसेबाईंचा तो शेवटचा गठ्ठा होता, एप्रिलअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यांनी आधी सगळ्या वह्यांवरची नावं वाचली, एकेक, मग शेडगे शालन शहाजी ही वही वेगळी काढून शेवटी ठेवली. प्रकल्पाचं नाव होतं 'मी ग्रामपंचायतीत असताना काय केले नाही'.

चौदा पानं होती. चित्र नाही, तक्ता नाही, संदर्भसूची नाही. कुठे मुद्दे पाडलेले नाहीत, शेवटी निष्कर्ष नाही, वाक्यं एकात एक घुसलेली. पण गायरान किती एकर होतं ते होतं, ठरावाचा क्रमांक होता, त्या दिवशी घरात काय शिजत होतं तेही होतं. दिवाळीत गावी जाऊन त्यांनी सात बायांना विचारलं होतं की तुमी गुरं आता कुठं नेता, आणि प्रत्येकीचं नाव लिहून तिचं उत्तर लिहिलं होतं. सातव्या बाईने उत्तर दिलं नव्हतं. तिचंही नाव होतं, पुढे जागा कोरी.

बाई वाचत राहिल्या. बस गेली, त्यानंतरची गेली. इतक्या वर्षांत अशी वही त्यांच्या हातात आली नव्हती. डोळे पुसून त्यांनी लाल पेन उचललं आणि अडल्या. वीस द्यावेत असं मनात आलं. वीस दिले तर लेखीला पंधरा पुरतील, सगळं सोपं होईल, आणि कोण नाही म्हणणार होतं? मग त्यांना वाटलं, आपण कणव येऊन वीस दिले तर ते न वाचता दिलेल्या अठरांसारखेच होतील. ही बाई ते घेणार नाही, आणि घेतले तर आपल्याला ते बघवणार नाही. त्यांनी आपल्या जुन्या मापाने, मुद्द्याला मुद्दा लावून, गुण मोजले. तेरा झाले. दोनदा मोजले, तेराच झाले. त्यांनी तेरा लिहिले आणि खाली सही केली.

शालनताई बादली आणि फडकं घेऊन फरशी पुसायला आल्या होत्या. बाईंनी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ओले हात पदराला पुसले, वही घेतली आणि आकडा बघितला. चेहऱ्यावर आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. मग त्यांनी बादली भिंतीला सारली, बाईंच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"सात कुटं गेले, बाई? एकेक सांगा."

साडेसहा वाजले होते, पाठ दुखत होती, घरी खिचडी थंड होत होती. पेंडसेबाईंनी चष्मा पुसला, वही पहिल्या पानावर उघडली आणि सांगायला लागल्या.